ओरडल्याने बर्फ कोसळत नाही

रंकाळ्याच्या कट्ट्यावर हिमालयातल्या हिवाळी ट्रेकचा बेत ठरला की कुणीतरी हमखास बजावतं, "वर गेल्यावर ओरडायचं न्हाई, बर्फ कोसळतोय." पन्हाळा-पावनखिंड घोषणा देत चालणाऱ्या आपल्या मंडळींना ही शिक्षाच! पण खुशाल बोला. माणसाच्या आवाजाचा दाब इतका क्षीण असतो की त्याने हिमस्खलन होत नाही.

कारण पायाखाली असतं. पाटावर साखर पसरा, वर फरशी ठेवा आणि पाट तिरका करा. बर्फातही तसंच: खाली साखरेसारखे सुटे दाणे, वर वाऱ्याने घट्ट झालेला थर. 30 ते 45 अंशांच्या उतारावर माणसाचं वजन पडलं की खालचे दाणे चिरडतात, भेग पळत जाते आणि अख्खी लादी सुटते. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांनी किंवा सोबत्यानेच सोडवलेली असते.

पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, तर मात्र मागे फिरा. नुकताच भरपूर बर्फ पडला असेल तर तीव्र उतार टाळाच. गाडलेल्याला पहिल्या 10-15 मिनिटांत काढावं लागतं, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र) आणि पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडं हवं. संशयास्पद उतार एकेकट्याने ओलांडायचा, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. आणि काही हललं, तर जोरात ओरडायचं.