कायद्याच्या वर्गातील प्रश्नोत्तर पद्धती

कायद्याचा नियम आयता न सांगता, विद्यार्थ्याला न्यायालयाचा मूळ निकाल वाचून यायला लावणे आणि भर वर्गात प्रश्न विचारून तो नियम त्याच्याच तोंडून काढून घेणे, ही अध्यापनपद्धती. ग्रीक तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस याच्या नावानेही ती ओळखली जाते. अमेरिकेत हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांनी ती १८७० पासून रुजवली. त्याआधी पाठ्यपुस्तक आणि व्याख्यान यांवरच भर असे. लँगडेल यांनी १८७१ मध्ये करार कायद्यावरील निवडक निकालांचा संग्रह काढला. सुरुवातीला अनेक विद्यार्थी त्यांच्या तासाला बसेनासे झाले. पुढे मात्र बहुतेक अमेरिकी लॉ स्कूलांनी हीच वाट धरली.

भारतात करार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटणारा खटला घेऊ: लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त (अलाहाबाद, १९१३). मालक गौरी दत्त यांचा पुतण्या हरवला. मुनीम लालमन याला शोधासाठी हरिद्वारकडे धाडले. मागाहून ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रके निघाली. लालमनने मुलगा शोधला, पण तोवर त्याला बक्षिसाची खबर नव्हती. दावा फेटाळला गेला. शिक्षक विचारतात, ‘का?’ ‘प्रस्ताव माहीतच नसेल तर स्वीकार कसला?’ हे उत्तर बरोबर आहे, पण खरा तास इथून सुरू होतो. निघण्यापूर्वीच पत्रक हाती पडले असते तर? मग नोकर म्हणून शोध घेणे त्याचे कामच होते, हा निकालातला दुसरा मुद्दा पुढे येतो. आणि तो नोकर नसून शेजारी असता तर? एकेक वस्तुस्थिती बदलली की निकाल कोणत्या कारणावर तोलला आहे ते उघडे पडते. ही पारख गाईडमधली टिपणे घोकून येत नाही.

अचानक नाव पुकारले जाण्याची धास्ती आणि काही थोड्याच जणांनी बोलणे, हे पद्धतीचे खरे दोष आहेत. शिवाय अपिलाच्या निकालात वस्तुस्थिती आधीच ठरलेली असते. रडणारा अशील आणि फिरलेला साक्षीदार वर्गात येत नाही. शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील कार्नेगी फाउंडेशनच्या २००७ च्या अहवालाने या पद्धतीच्या ताकदीची दखल घेतली, पण प्रत्यक्ष वकिलीचे शिक्षण अपुरे पडते असेही म्हटले.

भारतात बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या नियमांनी मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांनी सरावासाठी लढवायचा नकली खटला, अभ्यासक्रमात सक्तीचे केले आहे. मात्र मूट कोर्टात विद्यार्थी एकच बाजू तयार करून येतो. वर्गात त्याला क्षणात दुसरी बाजू मांडावी लागते.