घोड्याच्या एका दिवसावर काउंटी आखली गेली का?

अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीबद्दल (म्हणजे राज्याच्या जिल्ह्यासारख्या भागाबद्दल) एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: शेतकऱ्याने घोड्यावरून कचेरीत जाऊन अंधार पडायच्या आत घरी परतावं, एवढीच प्रत्येक काउंटी मोठी ठेवली.

कल्पना गोड आहे, पटतेही. पण आयोवातली कॉसुथ काउंटी बघा. तिची हद्द 1851 साली कागदावर आखली गेली. आज तिचं मुख्य ठिकाण असलेल्या अल्गोनात पहिले गोरे वसाहतकरी आले 1854 मध्ये. म्हणजे रेघा ओढल्या तेव्हा कचेरी नव्हती आणि तिथे जाणारा शेतकरीही नव्हता.

मग माप आलं कुठून? जमीनमोजणीतून. 1785 च्या कायद्याने 6 मैल बाय 6 मैलांचे चौकोन ठरले. असे 16 चौकोन म्हणजे 24 बाय 24 मैल, आयोवातल्या कित्येक काउंट्यांचा हाच आकार. कॉसुथमध्ये 1855 साली उत्तरेची बॅनक्रॉफ्ट काउंटी मिसळली. 1870 मध्ये तो भाग क्रॉकर नावाने पुन्हा वेगळा केला, पण आयोवाच्या राज्यघटनेतली किमान 432 चौरस मैलांची (बरोबर 12 चौकोनांची) अट मोडते म्हणून पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती काउंटी रद्द केली.

नकाशा उघडून स्वतः मोजा: अल्गोनापासून उत्तर सीमा सुमारे 30 मैल. जाऊन-येऊन 60 मैल बैलगाडीने किंवा घोडागाडीने एका दिवसात होत नाहीत.