फौंड्रीतलं सिलिकॉन वेगळं, प्रेसवरचं वेगळं

कोल्हापुरात 'सिलिकॉन' म्हटलं की शिरोलीतल्या फौंड्रीवाल्याला फेरोसिलिकॉनचे (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे) खडे दिसतात आणि उद्यमनगरात रबर मोल्डिंग करणाऱ्याला पार्ट साच्याला चिकटू नये म्हणून मारायच्या स्प्रेचा डबा आठवतो. दोघंही बरोबर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुसऱ्याला शेवटी एक 'ई' जास्त आहे, देवनागरीत तो गायब होतो आणि खरेदीच्या फोनवर घोळ होतो. पहिलं मूलद्रव्य, दुसरं त्याच्यापासून केलेलं पॉलिमर, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी आणि बाजूनं मिथाइल (कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट) लटकलेले.

मुळात हे नावच चुकून पडलंय. इंग्लंडात नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग म्हणून केमिस्ट होते, त्यांना 1901 च्या सुमारास वाटलं आपल्या हाती कीटोनसारखं (कीटोन म्हणजे कार्बनी संयुगांचा एक प्रकार) काहीतरी लागलंय, म्हणून तशाच धर्तीवर नाव दिलं. रचना तशी नव्हतीच, पण नाव चिकटलं (तेही न चिकटणाऱ्या मालाला!). पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या भांड्यात गोंदासारखा चिकट राडा साचायचा आणि त्यांना त्याचा वैतागच होता. 1936 च्या व्याख्यानातसुद्धा यातून लवकर काही मोठं निघेल असं वाटत नाही असाच त्यांचा सूर होता.

अमेरिकेत कॉर्निंग ग्लासमध्ये जेम्स फ्रँकलिन हाइड यांना मात्र तोच राडा पाहिजे होता, कारण काचेच्या धाग्याच्या इन्सुलेशनला तापमान सोसणारं रेझिन लागत होतं. मग युद्ध आलं, उंचावर विमानाच्या इग्निशनमध्ये स्पार्क गळायचा तो थांबवायला सिलिकॉनचं ग्रीस चाललं, आणि 1943 ला डाऊ कॉर्निंग उभी राहिली. अडचण एकच, किपिंगच्या पद्धतीला मॅग्नेशियम लागायचं आणि ते महाग. ती गाठ जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोचाऊनी 1940 ला सोडवली: सिलिकॉनची पूड, थोडं तांबं, वरून साधारण 300 अंशाला मिथाइल क्लोराइडचा गॅस. जर्मनीत रिचर्ड म्युलर पण त्याच सुमारास वेगळे तिथंच पोचले. आजही माल त्याच वाटेनं निघतो. आणि ती पूड येते क्वार्ट्झ कोळशाबरोबर आर्क फर्नेसमध्ये तापवून, म्हणजे फौंड्रीवाला आणि रबरवाला शेवटी भाऊबंदच की!

डायवर, म्हणजे साच्यावर, हे का चालतं, तर मिथाइल बाहेर तोंड करून बसतात. पृष्ठताण मीटरला 21 मिलिन्यूटनच्या आसपास, पाण्याचा 72, म्हणून दुसरं काही त्याला धरत नाही, आणि डायच्या गरमीला ते जळतही नाही. आधी टायरच्या मोल्डला साबणाचं पाणी मारायचे, ते करपून डायवर थर धरायचा.

पण नाद खुळा माल असला तरी जपून. एका ठिकाणी प्रेसवाल्यानं फुसफुस स्प्रे मारला आणि पलीकडं पेंटिंगला गेलेल्या पार्टवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे, सगळी बॅच घासून परत. प्लास्टिकमध्ये सिलिकॉनचं तेलच घालायचं म्हटलं तर मशीनमधला दाणे ढकलणारा स्क्रू घसरतो, दाणे पुढं सरकत नाहीत, म्हणून पुढं लांब साखळीचं सिलोक्सेन (तीच सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी) दाण्यातच मुरवलेलं मास्टरबॅच, म्हणजे साध्या प्लास्टिकमध्ये थोडे मिसळायचे दाणे, आलं, ज्यानं डॅशबोर्डवर ओरखडे कमी दिसतात.

तिसरी गोष्ट प्लॅटिनमची, जे सिलिकॉनच्या साखळ्या एकमेकींना जोडून रबर पक्कं करायला लागतं. 1957 ला जॉन स्पायर यांनी प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाचं काम छापलं, पुढं कार्स्टेडचा उत्प्रेरक आला, आणि त्यातूनच पातळ सिलिकॉन इंजेक्शननं मारणं जमलं. हे प्लॅटिनम गंधकाला लय घाबरतं. आमच्याकडं एकदा नॅचरल रबर (त्यात गंधक घातलेलं असतं) मारलेल्या मिलवर, म्हणजे रबर लाटायच्या रोलरवर, नीट न पुसता, प्लॅटिनमवालं कंपाउंड लाटलं. प्रेस उघडली तर पार्ट च्युइंगगमसारखा, वेळ वाढवला, तापमान वाढवलं, तरी तसाच. आता सिलिकॉनची मिल वेगळ्या खोलीत आहे, आणि दारात कुणी गंधकाचं पोतं टेकवलं की मिलवरचे मामा आतूनच ओरडतात.