शिंगराचा जन्मरंग आणि पांढऱ्या घोड्याचे जनुक

लग्नसराईत पुण्याच्या रस्त्यांवर वरातीसाठी जो पांढराशुभ्र घोडा आणलेला असतो, त्याच्या नाकपुड्यांभोवतीची आणि डोळ्यांच्या कडांची कातडी जवळ जाऊन पाहावी. ती काळसर असेल, तर तो घोडा पांढरा जन्मलेला नाही. जन्मला तेव्हा तो काळा, तपकिरी किंवा तांबडा होता आणि पुढे काही वर्षांत त्याचे केस पांढरे होत गेले. कातडी गुलाबी असेल, तर मात्र त्या पांढऱ्या रंगामागचे कारण बहुधा निराळे असते. घोडेवाले या दोन प्रकारांना अनुक्रमे सब्जा आणि नुकरा म्हणतात. लांबून दोन्ही सारखेच दिसत असले, तरी त्यांची जीवशास्त्रीय वाट वेगळी आहे.

घोड्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात, एक काळे आणि दुसरे तांबूस-पिवळे. केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींनी यांपैकी कोणते द्रव्य तयार करायचे, हे मुख्यतः दोन जनुके ठरवतात. एमसी१आर या जनुकापासून रंगपेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही प्रथिन तयार होते आणि ते कार्यरत असेल, तर पेशी काळे द्रव्य बनवते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, या जनुकातील डीएनएच्या एका अक्षराच्या बदलामुळे ग्राही निकामी होते. आई आणि वडील या दोघांकडूनही अशी निकामी प्रत मिळालेले शिंगरू संपूर्ण तांबडे होते. दुसरे जनुक एएसआयपी. त्याचे प्रथिन काळ्या रंगाला अंगावरून हटवून पाय, आयाळ, शेपूट आणि कानांच्या टोकांपुरते मर्यादित ठेवते, आणि त्यातूनच तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा कुमैत घोडा घडतो. हे प्रथिन नसेल, तर घोडा सर्वांगाने काळा राहतो.

कुमैत घोडी आणि कुमैत घोडा यांना तांबडे शिंगरू झाले की, घोडी दुसऱ्याच घोड्याकडून गाभण राहिली असा संशय घेतला जातो. तो निराधार आहे. दोघांकडेही एमसी१आरची एकेक निकामी प्रत लपलेली असेल, तर त्यांचे प्रत्येक शिंगरू तांबडे होण्याची शक्यता चारात एक असते. याउलट नर-मादी दोन्ही तांबडे असतील आणि शिंगरू काळे किंवा कुमैत निघाले, तर मात्र पितृत्वाची शंका रास्त ठरते, कारण जी कार्यरत प्रत दोघांकडेही नाही ती पिल्लाकडे येणार कोठून?

हा हिशेब प्रौढ घोड्याच्या रंगाला लागू पडतो. शिंगराच्या पहिल्या लवेला तो लावणे धोक्याचे असते. पुणे जिल्ह्यातून दिवाळीनंतर कोकणाकडे निघणाऱ्या धनगरांच्या कळपांबरोबर जी तट्टे संसार वाहून नेतात, त्यांच्यामागे चालणारी शिंगरे या दृष्टीने पाहण्यासारखी असतात. (भीमा-नीरेच्या खोऱ्यातील या काटक तट्टांची आता भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.) पुढे काळे होणारे शिंगरू पुष्कळदा उंदरासारख्या राखी रंगाचे जन्मते. कुमैत होणाऱ्या शिंगराचे पाय गुडघ्यांखाली काळे नसून मळकट पांढरे असतात. ही जावळाची लव साधारणतः तीन-चार महिन्यांनी झडू लागते. बहुधा डोळ्यांभोवती आणि तोंडावर प्रथम गडद केस दिसतात, आणि काही आठवडे ते पोर अर्धे राखी, अर्धे काळे असे ठिगळ लावल्यासारखे दिसते. हा आजार नव्हे आणि खुराकातील उणीवही नव्हे. खरेदीच्या किंवा नोंदणीच्या कागदावर मात्र जन्मरंगच कायमचा म्हणून लिहिला जातो आणि पुढे ओळख पटवताना घोटाळा होतो. लव झडल्यानंतरच रंग नोंदवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा आपल्याकडे शुभ मानतात. त्या खुणा जन्मापासूनच असतात आणि पुढे पसरत नाहीत. गर्भावस्थेत रंगपेशी पाठीच्या बाजूने निघून सर्वांगावर पसरतात. वाटेत कमी पडल्या, तर टोकाचे भाग, म्हणजे पाय आणि तोंड, पांढरे राहतात. यात आनुवंशिकतेबरोबर योगायोगाचाही वाटा असल्याने, क्लोन करून जन्मलेल्या घोड्यांतही या खुणा तंतोतंत जुळत नाहीत.

सब्जा होणाऱ्या शिंगराचे लक्षण थोडे फसवे आहे. ते इतरांपेक्षा फिके नसून उलट अधिक गडद जन्मते आणि त्याचे पायही बहुतेक वेळा पहिल्यापासून काळे असतात. अशा शिंगराच्या पापण्यांभोवतीची लव बोटाने हलकेच बाजूला करून उजेडात पाहिली, तर तेथे तुरळक पांढरे केस सापडतात. शिवाय एक पक्का नियम हाताशी आहे. सब्जा रंग आणणारे जनुक प्रभावी असल्यामुळे, म्हणजे त्याची एकच प्रत पुरेशी असल्यामुळे, सब्जा शिंगराच्या आई-वडिलांपैकी किमान एक सब्जा असावाच लागतो.

यामागचे कारण २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांच्या नेतृत्वाखालील गटाने शोधले. एसटीएक्स१७ या जनुकात सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा पुन्हा छापला गेल्याचे त्यांना आढळले. जगभरच्या सब्जा घोड्यांत हाच बदल सापडतो, म्हणजे तो एका समान पूर्वजाकडून आलेला आहे. केसांच्या मुळांशी नव्या रंगपेशी पुरवणारा साठा या बदलामुळे अकाली संपतो, असे मानले जाते. कातडीतील रंगपेशी मात्र टिकून राहतात, म्हणून कातडी काळीच राहते. आयर्लंडच्या कॉनेमारा जातीच्या तट्टांचाही समावेश असलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी बारकावा उलगडला. तो तुकडा सलग दोनदा असेल, तर केस संथपणे पिकतात. तीनदा असेल, तर झपाट्याने.

जलद पांढरे होणे निव्वळ दिसण्यापुरते नसते. त्याच बदलामुळे रंगपेशींच्या गाठी, म्हणजे मेलॅनोमा, होण्याची प्रवृत्ती वाढते. १५ वर्षांहून अधिक वयाच्या सब्जा घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांमध्ये त्या आढळतात, असे अभ्यास सांगतात. दोन्ही पालकांकडून हा बदल मिळालेले घोडे लवकर पांढरे होतात आणि त्यांना धोकाही अधिक असतो. गाठी बहुतेकदा शेपटीच्या खाली, गुदद्वाराभोवती आणि ओठांवर सुरू होतात. पहिली काही वर्षे त्या सावकाश वाढतात, दुखत नाहीत, आणि वरातीच्या झुलीखाली तर दिसतही नाहीत. म्हणून पांढरा घोडा सांभाळणाऱ्याने खरारा करताना दर वेळी शेपूट उचलून तिच्या आतल्या बाजूवरून बोटे फिरवावीत. हरभऱ्याएवढा कडक, काळा उंचवटा लागला, तर तो लहान असतानाच पशुवैद्याला दाखवावा, कारण त्या आकारात तो काढणे सोपे जाते. मोठ्या झालेल्या गाठी लीद टाकण्याच्या वाटेत अडथळा आणतात आणि तेव्हा शस्त्रक्रियेलाही जागा उरत नाही.