जिवाचा हिशेब

घटस्फोटाच्या कायद्यातला एक दुर्मीळ, प्रत्यक्षात क्वचितच उद्भवणारा पेच घेऊन कुणीतरी एका विद्वानाकडे गेला. विद्वानाने उत्तर दिलेच नाही. उलट विचारले : जे न कळल्याने तुझे काही बिघडणार नाही ते तू विचारतोस, जे कळायलाच हवे ते सगळे शिकून झाले का? ही गोष्ट बह्या इब्न पकुदा सांगतो. अकराव्या शतकातल्या मुस्लिम स्पेनमधला, बहुधा सारागोसाचा, हा ज्यू न्यायाधीश. म्हणजे कायद्याचा कीस काढणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या तोंडची ही तक्रार.

त्याच्या काळापर्यंत तालमूदवर, म्हणजे ज्यू कायद्याच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहावर, भाष्यांचे डोंगर उभे राहिले होते. खाणेपिणे, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), लग्न, देणीघेणी या सगळ्यांचे नियम लिहून झाले होते. तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतल्या, आज्ञा परंपरेने 613 मोजल्या जातात. बह्याचे म्हणणे असे, की अवयवांनी करायच्या कर्तव्यांना निदान मोजदाद तरी आहे. अंतःकरणाच्या कर्तव्यांना अंत नाही, आणि त्यांवर स्वतंत्र ग्रंथ मात्र कुणी लिहिला नाही. ‘दयाळू देवाला हृदय हवे असते’ हे वचन तालमूदमध्येच आहे, ते तो आवर्जून काढतो. मग सुमारे 1080 मध्ये त्याने स्वतःच तो ग्रंथ लिहिला : ‘अंतःकरणाची कर्तव्ये’. त्याचे दहा दरवाजे म्हणजे प्रकरणे. पहिला देवाच्या एकत्वाचा, शेवटचा त्याच्यावरील प्रेमाचा, आणि मध्ये भरवसा, नम्रता, पश्चात्ताप, विरक्ती असे टप्पे.

ग्रंथ अरबीत होता, आणि केवळ भाषाच अरबी नव्हती. अवयवांची कर्मे आणि हृदयाची कर्मे हा भेद मुस्लिम साधकांनी त्याआधीच रुजवला होता. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या एका सूफीला तर ‘अल-मुहासिबी’, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणारा, असेच नाव पडले होते. बह्याच्या आठव्या दरवाजाचा विषय हाच. हिब्रूत त्याला ‘हेश्बोन हा-नेफेश’ म्हणतात, जिवाचा हिशेब. अरबी ‘हिसाब’ आणि हिब्रू ‘हेश्बोन’ एकाच सेमिटिक धातूतले, आणि आपला ‘हिशेब’ अरबीतूनच फारसीच्या वाटेने आलेला. त्यामुळे इथे मराठीत भाषांतर करायला फारसे उरतच नाही. बह्याच्याच ग्रंथात लुटीसह परतणाऱ्या सैनिकांना एक साधू म्हणतो, ‘छोटे युद्ध जिंकलात, आता मोठ्याच्या तयारीला लागा.’ मोठे युद्ध वासनेशी. इस्लामी परंपरेत हे वचन पैगंबरांच्या नावावर सांगितले जाते. बह्या बोलणाऱ्याचे नाव घेत नाही, आणि मला तरी त्यात लपवाछपवीपेक्षा शहाणपण दिसते : शहाणपणाची गोष्ट कुणाचीही असो, घ्यावी, अशीच त्याची भूमिका होती.

1161 मध्ये मूळच्या ग्रानाडाच्या यहूदा इब्न तिब्बोनने दक्षिण फ्रान्समधल्या लुनेल गावी या ग्रंथाचा हिब्रू अनुवाद सुरू केला. अरबी न येणाऱ्या युरोपातल्या ज्यूंनी तो आपला मानला आणि शतकानुशतके वाचला. हिब्रूच्या कपड्यात सूफी शेजारी ओळखू येईनासा झाला.

इजिप्तमध्ये तसे झाले नाही. प्रसिद्ध ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदेसचा मुलगा अब्राहम (1186–1237) तिथल्या ज्यूंचा प्रमुख होता. प्रार्थनेआधी पाय धुणे, रांगेत बसणे, साष्टांग नमन, असे बरेच काही त्याने आणू पाहिले. सूफींकडून घेतोस, असा आक्षेप आला. त्याचे उत्तर मजेदार आहे : या रीती मुळात इस्राएलच्या संदेष्ट्यांच्याच, आपण विसरलो, शेजाऱ्यांनी जपल्या. विरोधकांना ते पटले नाही. त्यांनी थेट सुलतानाकडे तक्रार केली.

जर्मनीतल्या हसिदांचा, म्हणजे भक्तिमार्गी ज्यूंचा, अरबीशी संबंध नव्हता, पण नियम की हृदय, हा प्रश्न तोच होता. रेगेन्सबर्गच्या यहूदा हे-हसिदच्या (मृत्यू 1217) नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात एक गुराखी आहे. तो रोज म्हणे : देवा, तुझी गुरे असती तर इतरांकडून मजुरी घेतो तशी तुझ्याकडून घेतली नसती, फुकट राखली असती. एका पंडिताने त्याला रीतसर प्रार्थना शिकवली. पंडित गेल्यावर गुराखी ती विसरला, आणि जुने बोलणेही चुकीचे म्हणून सोडून बसला. अखेर स्वप्नात पंडितालाच हुकूम झाला : परत जा, त्याला पूर्वीचेच म्हणू दे.

बह्याचा मूळ अरबी ग्रंथ पूर्ण स्वरूपात छापला गेला तो 1912 मध्ये, लायडनला. तोवर हिब्रू आवृत्ती छापून चारशेहून अधिक वर्षे लोटली होती.