मेडिकेअर आहे, मग गाडीच्या विम्यात मेडिकल कशाला?

मिशिगनमधल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. २ जुलै २०२० पासून तिथे मेडिकेअरचे (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा) पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) आणि बी (डॉक्टरांचा खर्च) दोन्ही असलेल्यांना गाडीच्या विम्यातलं पीआयपी मेडिकल, म्हणजे अपघातातल्या दुखापतीचा खर्च देणारं कव्हर, पूर्ण नाकारता येतं, हे खरं. मात्र त्यामुळे ते निरुपयोगी ठरत नाही.

समजा, ग्रीन कार्डवर आलेल्या आणि मेडिकेअर मिळालेल्या आजींचं अपघातात कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेचे पैसे मेडिकेअर देईल. पार्ट बीमधल्या डॉक्टरांच्या बिलातले साधारण २० टक्के मात्र त्यांच्याच खिशातून. पुढचे सहा महिने त्यांना उठवायला, आंघोळ घालायला बाई लागली तर? असल्या निव्वळ देखभालीचे पैसे मेडिकेअर देत नाही. दारात रॅम्प बांधायचेही नाही. पीआयपीत हे दोन्ही बसतं.

शिवाय पीआयपी नाकारायचं तर जोडीदार आणि घरात राहणारे नातेवाईक यांच्याकडेही मान्यताप्राप्त आरोग्य विमा किंवा दुसरं पीआयपी हवं. एजंट हे सांगतोच असं नाही.

मेडिकेडवाल्यांची (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) गोष्ट वेगळी: त्यांना पीआयपी पूर्ण नाकारता येत नाही, पण घरातल्या बाकीच्यांचं कव्हर नियमात बसत असेल तर ५०,००० डॉलरपर्यंतच्या पीआयपी मेडिकलचा पर्याय घेता येतो.