क्रोनोस आणि ख्रोनोस: विळ्याचा कोण, काळाचा कोण?

ग्रीक लिपीत या दोन नावांत फरक पहिल्या अक्षराचा. एक 'कॅप्पा'ने सुरू होते, दुसरे 'खी'ने. प्राचीन ग्रीकमध्ये हा सरळ क आणि ख यांचाच फरक, त्यामुळे देवनागरीत खरे तर गोंधळाला जागा नाही. तो येतो इंग्रजीमार्गे. तिथे दोन्हींचा उच्चार क, आणि मग मराठी लेखांतही दोघे 'क्रोनोस' होऊन बसतात.

क्रोनोस हा टायटन, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीतल्या ग्रीक देवांपैकी एक; आकाशदेव युरेनस आणि पृथ्वीदेवी गाया यांचा धाकटा मुलगा. आईने दिलेल्या विळ्याने त्याने बापाचे लिंग छाटले आणि सत्ता घेतली. आपलाही मुलगाच आपल्याला पाडणार, या भाकिताच्या धास्तीने त्याने हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस आणि पोसायडन यांना जन्मताच गिळले. सहाव्या वेळी त्याची बायको रिया हिने त्याला दुपट्यात गुंडाळलेला धोंडा दिला, झ्यूस वाचला. प्राचीन ग्रीक कवी हेसिऑडने सांगितलेल्या या कथेत हा काळाचा देव नाही. नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही जण हे नाव 'कापणे' अर्थाच्या धातूशी जोडतात. विळ्यामुळे ते पटकन पटते, आणि म्हणूनच जपून घ्यावे. काहींच्या मते नाव ग्रीकपूर्व भाषेतले असावे.

ख्रोनोस म्हणजे काळ, रोजच्या वापरातले सामान्यनाम. ऑर्फिक या प्राचीन ग्रीक गूढपंथाच्या सृष्टिकथांत मात्र तो सर्परूपी आदितत्त्व होतो आणि त्याच्यापासून विश्वाचे अंडे निर्माण होते. क्रोनोमीटर, क्रोनॉलॉजी, क्रॉनिक आजार हे सगळे शब्द याचे. टायटनाचा त्यांच्याशी संबंध नाही.

सरमिसळ मात्र जुनीच. क्रोनोस हे काळाचेच रूपक, असे ग्रीक मानतात, हे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवले आहे. रोमन लेखक सिसेरोही तेच सांगतो. पुढे युरोपीय प्रबोधनकाळात चित्रकारांनी पंखवाल्या म्हाताऱ्या 'काळा'च्या हाती कोयता दिला, तो क्रोनोसचा. उलट स्पॅनिश चित्रकार गोयाच्या 1820-23 च्या चित्रात मुलाला खाणारा सॅटर्न, म्हणजे रोमन क्रोनोस.

ग्रहाचे म्हणाल तर आजच्या ग्रीकमध्येही शनी म्हणजे क्रोनोस. वराहमिहिराच्या बृहज्जातकात शनीच्या नावांत 'कोण' येते, तेही क्रोनोसवरूनच आले असे मानतात, ख्रोनोसवरून नव्हे.